आक्काला की आक्काने?

हळदीच्या आडतीचा व्यवसाय करणाऱ्या सांगलीच्या एका कुटुंबातील वडील वारले. महिना उलटल्यावर थोरल्या मुलाने त्यांच्या वह्या तपासावयास घेतल्या. पेढीची खतावणी चोख होती. जमा-नावे पैशापर्यंत जुळत होते. मात्र खिशातल्या लहान डायरीत, घरगुती देण्याघेण्याच्या पानावर एक ओळ होती : ‘आक्का ४०,००० दिले.’ पुढे खूण नाही, खाली खुलासा नाही.

आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण, मुलाची आत्या. प्रश्न एवढाच होता, की आक्काला दिले की आक्काने दिले? ‘ला’ असेल तर रक्कम येणे, ‘ने’ असेल तर देणे. वडिलांनी घाईत प्रत्यय गाळला, कारण लिहिताना अर्थ त्यांना ठाऊक होता. हे पान आपल्यामागे दुसरे कोणी वाचील, हे त्यांच्या मनात आले नसावे.

मुलाने सोयीचा प्रत्यय लावला. आत्या दुखवट्याला येऊन गेली, पैशाचा शब्दही काढला नाही. तेव्हा त्याच्या मनाने ग्रह करून घेतला, की ही जाणूनबुजून गप्प आहे. फोन कमी झाले. घरातल्या साखरपुड्याचे निमंत्रण तिला आयत्या वेळी गेले. कोणी कोणाला बोलले नाही, तरी नात्यावर धूळ बसू लागली.

व्याकरण हा शाळेतला विषय, व्यवहाराला त्याची काय गरज, असे आपल्या व्यापारी घरांत पुष्कळदा म्हटले जाते. बोलण्यापुरते ते बरेचसे खरेही आहे. समोरासमोर बोलताना चेहरा असतो, आवाजाचा चढउतार असतो आणि शंका आलीच तर लगेच विचारता येते. लिहिलेल्या शब्दाला हा आधार नसतो. लिहिणारा परगावी असतो, कधी या जगातही नसतो. त्याच्या माघारी वाक्याला एकट्याने साक्ष द्यावी लागते.

आपल्या पूर्वजांना ही जाणीव पुरेपूर होती. जुनी हुंडी पाहावी. त्यात रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत आणि एवढ्यावर न थांबता तिचे निम्मे सांगून ‘त्याचे दुप्पट’ असेही लिहीत. एक हजार म्हणजे पाचशेचे दुप्पट, हे न कळणारा सावकार नव्हता. पण कोणी आकड्यात फेरफार केला तर बाकीच्या शब्दांनी तो उघडा पाडावा, ही योजना होती. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ मध्येही हाच विवेक आहे. रक्कम आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसरी असेल, तर अक्षरांतली ग्राह्य धरली जाते. धनादेशावर ‘अक्षरी रुपये’ लिहिण्याचे महत्त्व त्यातूनच येते.

उलट उदाहरणही पेढीवरचेच आहे. मारवाडी व्यापाऱ्यांची महाजनी लिपी झरझर लिहिता यावी म्हणून काना-मात्रा गाळून लिहिली जाई. तिच्याविषयी एक गोष्ट सांगतात. ‘काकाजी अजमेर गया’ असे पत्र आले आणि घरच्यांनी ‘काकाजी आज मर गया’ असे वाचून रडारड केली. जैन परंपरेतली कुणालाची कथा तर याहून दारुण आहे. राजपुत्राने अध्ययन करावे, असे सम्राट अशोकाने उज्जयिनीस लिहिले. सावत्र आईने पत्रात एक अनुस्वार वाढवला आणि अध्ययनाच्या आज्ञेची अंधत्वाची आज्ञा झाली. पित्याचा शब्द म्हणून कुमाराने डोळे गमावले. एक टिंब तेवढे पुरले.

म्हणून प्रत्येक नियम सारख्याच मोलाचा आहे, असे मात्र नव्हे. मोडी लिपीत इकार आणि उकार यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे वेगळेपण पाळले जात नसे. तरी मराठी मुलखाचा पत्रव्यवहार आणि हिशेब त्याच लिपीत शतकानुशतके चालले. जो नियम मोडल्याने अर्थ फिरतो तो जपावा. जो मोडल्याने केवळ शोभा उणावते, त्यावरून कोणाला हिणवू नये.

या कुटुंबालाही हा भेद कळला, तो क्षमावाणीच्या दिवशी. क्षमा मागावयाची तर मनातली अढी तशीच ठेवून कशी मागावी, या विचाराने मुलगा डायरी घेऊनच आत्याकडे गेला. पाया पडला आणि ते पान तिच्यापुढे धरून म्हणाला, “आत्या, हे वाचून मी तुमच्याविषयी वाईट मनात आणले.”

आत्याने चष्मा लावून ती ओळ वाचली. काही न बोलता आत गेली आणि एक जुनी वही घेऊन आली. चौथी इयत्तेपर्यंत शिकलेल्या त्या बाईने लिहिले होते : ‘आज बापूला चाळिस हजार रूपये दीले. पेढिची अडचण हाये. सवडिने देनार.’ वर तारीख होती. खाली वडिलांच्या हस्ताक्षरात ‘रक्कम पोचली’ आणि सही होती.

तीन वाक्यांत कितीतरी चुका. शाळेच्या बाईंनी पान लाल केले असते. परंतु ‘बापूला’ मधला ‘ला’ जागेवर होता, रक्कम अक्षरांत होती, तारीख होती आणि घेणाऱ्याची सही होती. वाणिज्य शाखेची पदवी असलेल्या भावाच्या ओळीने जे केले नाही, ते बहिणीच्या अशुद्ध ओळींनी केले.

“मग तुम्ही मागितले का नाहीत?” मुलाने विचारले.

“तो गेला त्या घरात जाऊन पैशाचं कसं बोलायचं रे?” ती म्हणाली. “तुला वहीत सापडेलच, असं वाटलं.”

बरोबर सापडले होते. वाचता आले नव्हते.

त्या आठवड्यात मुलाने रक्कम परत केली आणि फोनवर पूर्ण वाक्य लिहून पाठवले : ‘आत्या, वडिलांनी तुमच्याकडून घेतलेले चाळीस हजार रुपये मी आज तुमच्या खात्यात जमा केले.’

थोड्या वेळाने उत्तर आले : ‘मला मीळाले.’