मीठ, मिरपूड आणि ‘आपल्यात’

मराठी स्वयंपाकघरात मांस शिजते, आणि शिजले म्हणजे हाडापासून सुटले, असा त्याचा सर्वमान्य अर्थ आहे. त्याअलीकडच्या साऱ्या अवस्थांना आपल्याकडे एकच शब्द आहे : कच्चे. हा शब्द वर्णनापेक्षा दोषारोपासाठीच अधिक वापरला जातो. कच्चे काम, कच्चा लेखक, कच्चा हिशेब यांच्याच रांगेत कच्चे मांस उभे असते. स्टेक या पदार्थाचे सारे रहस्य मात्र ‘कच्चे’ आणि ‘शिजलेले’ यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात आहे, ज्याला मराठीत नाव नाही. त्यामुळे घरी स्टेक करू पाहणाऱ्या मराठी माणसाला पहिली अडचण येते ती भाषेची, तव्याची नंतर.

आम्ही दोघे शिकागोच्या एका उपनगरात राहतो. आमच्यापैकी एकाच्या घरी रविवारी मटणाचा रस्सा ठरलेला, तर दुसऱ्याच्या घरी अंड्यालाही उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती. गोमांस दोन्ही घरांत नव्हते. ते आम्ही प्रथम बाहेर खाल्ले आणि पुढे, येथील लांबलचक हिवाळ्यात, घरी करू लागलो. आवड म्हणून सुरू झालेल्या या उद्योगाने आम्हांला मांसाविषयी जेवढे शिकवले, त्याहून अधिक आमच्या स्वतःच्या जिभेविषयी शिकवले.

रोलाँ बार्थने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये स्टेक आणि तळलेले बटाटे यांवर एक छोटेखानी निबंध लिहिला आहे. फ्रेंच माणूस स्टेक किती भाजला हे उष्णतेच्या भाषेत सांगत नाही, रक्ताच्या भाषेत सांगतो, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. गंमत अशी की, ज्याला सारे रक्त समजतात ते रक्त नसतेच. कत्तलीच्या वेळीच रक्त काढून टाकलेले असते. ताटात उतरणारा लालसर रस म्हणजे पाणी आणि मायोग्लोबिन नावाचे स्नायूंतील प्रथिन. पण मिथकाला रसायनशास्त्राने काही फरक पडत नाही. फ्रेंचांना जे रक्त बळ देणारे वाटते, तेच आमच्या आप्तेष्टांना शिसारी आणते. वस्तुतः ते दोघांच्याही ताटात नसते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मांस घेताना आम्ही जाडी पाहतो : निदान दीड इंच, म्हणजे सुमारे चार सेंटिमीटर. तुकडा पातळ असला तर बाहेरून रंग येईपर्यंत आतून तो वाळून जातो. अमेरिकेचे कृषी खाते मांसाला प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशा श्रेणी देते, आणि त्या ठरवताना स्नायूंत चरबीचे पांढरे धागे किती विणले गेले आहेत याला मोठे महत्त्व असते. आम्ही बहुधा चॉइस श्रेणीचा रिबआय घेतो. खिशाला आणि जिभेला तो सारखाच मानवतो.

मग मीठ. अर्धा किलोच्या तुकड्याला साधारण एक चमचा जाडे मीठ सर्व बाजूंनी लावून, काही न झाकता, जाळीवर ठेवून आम्ही तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. पहिल्या काही मिनिटांत मीठ मांसातील पाणी बाहेर ओढते. त्या पाण्यात ते विरघळते आणि मग तो खारट द्रव हळूहळू आत शोषला जातो. म्हणून मीठ एक तर तव्यावर टाकण्याच्या क्षणी लावावे, नाही तर निदान पाऊण तास आधी. मधल्या काळात तुकडा ओला राहतो आणि ओल्या पृष्ठभागाचे तापमान, त्यावरचे पाणी उडून जाईपर्यंत, शंभर अंशांच्या वर चढत नाही. रंग धरायला त्याहून बरीच अधिक उष्णता लागते. इंग्रजी पाककृतींत या साऱ्याला मोठमोठी नावे आहेत. मराठीत एकच क्रियापद पुरते : मुरणे. लोणचे मुरते, गाणे गळ्यात मुरते, तसे मीठ मांसात मुरते.

भाजायला आम्ही बिडाचा तवा वापरतो. घावनांसाठी जो तवा आपल्या आज्यांनी पिढ्यान् पिढ्या जपला, त्याचाच हा अमेरिकी भाऊबंद. जाड तुकडा आधी १२० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये, आतले तापमान ४८ अंशांच्या आसपास येईपर्यंत ठेवायचा; मग धूर निघेपर्यंत तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-मिनिट भाजायचा. आत ५५ अंश झाले की आमच्या दृष्टीने काम झाले. तव्याच्या धगीने मांसाचा रस आत ‘कोंडला’ जातो, हा समज एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याच्यापासून रूढ झाला आणि अजूनही ऐकू येतो. तो खरा नाही. भाजताना तव्यावर येणारा चरचर आवाज हा बाहेर पडणाऱ्या रसाचाच असतो. भाजायचे ते रस कोंडण्यासाठी नव्हे, तर त्या तपकिरी कवचात निर्माण होणाऱ्या चवीसाठी. शेवटच्या अर्ध्या मिनिटात चमचाभर साजूक तूप, ठेचलेली लसूण आणि कढीपत्त्याची एक डहाळी तव्यात पडते, आणि ते तूप चमच्याने तुकड्यावर पुनःपुन्हा सोडले जाते. लोणी येथे लवकर जळते, कारण त्यात दुधाचे घन अंश असतात; कढवलेले तूप तग धरते. मिरपूड सर्वांत शेवटी, भरड.

अर्धवट भाजलेले मांस धोक्याचे नाही का, असा प्रश्न येतोच. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तव्याची धग तेथे पुरेशी असते. खिम्यात हाच पृष्ठभाग आतबाहेर मिसळला जातो, म्हणून खिमा पूर्ण शिजवलाच पाहिजे : कृषी खात्याच्या सांगण्यानुसार ७१ अंशांपर्यंत. अखंड तुकड्यासाठीही खाते ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती सांगते. आमचे ५५ अंश त्याहून कमी आहेत. वृद्ध, लहान मुले किंवा गरोदर स्त्रिया पंगतीला असतील तर आम्ही खात्याचेच ऐकतो.

वडीलधारी मंडळी सहा महिन्यांसाठी आली की हा तवा वरच्या फळीवर जातो. त्याविषयी कोणी विचारत नाही, आम्ही सांगत नाही. पण एकदा एका ज्येष्ठ आप्तांनी कृती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, “एवढं महागाचं मांस, आणि त्याला नुसतं मीठ?” प्रश्न रास्त होता. मसाल्याने मांसाची चव झाकली जाते, असे पाश्चात्त्यांचे एक आवडते विधान आहे. ते आम्हांला पटत नाही. शेळीच्या मांडीत, खांद्यात संयोजक धागे पुष्कळ. ते विरघळायला पाणी आणि वेळ लागतो, आणि त्या वेळात वाटणाचा अर्क रश्श्यातून मांसात उतरतो. कमरेजवळच्या मऊ मांसाला तो वेळच नको असतो. तेथे वाटण लावले तर मांसाला रंग येण्याआधी वाटण करपते. दोन्ही स्वयंपाकघरे आपापल्या मांसाशी प्रामाणिक आहेत, इतकेच. म्हणून आमचा मसाला ताटात येतो, तव्यात नव्हे. आर्जेंटिनाचे लोक अजमोद्यासारखा पाला, लसूण, व्हिनेगर आणि तेल यांची चिमिचुरी स्टेकबरोबर घेतात. आम्ही हिरव्या मिरचीचा ठेचा लिंबू पिळून घेतो. मांस तंतूंना आडवे, पातळ कापायचे आणि ठेच्याला जेमतेम टेकवायचे.

मात्र खरा पेच चवीचा नाही. तो एका शब्दाचा आहे. मराठी मित्रमंडळींत हा विषय निघाला की कोणी तरी हसत म्हणते, “आपल्यात असं नाही हो खात.” हे ‘आपल्यात’ म्हणजे नेमके कोणात? शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यजीवनाचे ते दस्तऐवजीकरण. त्यात चान्या आहेत : मांसाच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात वाळवून, टंचाईच्या दिवसांसाठी राखलेल्या. तेल आणि मसाला जेथे चैनीत मोडत होता, त्या चुलींवरचे हे अन्न. मराठीत बोलणाऱ्या, मराठीत भुकेजणाऱ्या माणसांनी ते खाल्ले. आमच्या पाककृतींच्या पुस्तकांत ते आले नाही, म्हणून ते ‘आपल्यात’ नव्हते असे आम्ही समजत आलो.

त्याच २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे मांस तेवढे वगळले गेले. मुंबईच्या उपाहारगृहांत आज स्टेक म्हणून मिळतो तो म्हशीचा अंडरकट. परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केले. कत्तलीवरील बंदी मात्र कायम ठेवली. या साऱ्याची झळ आम्हांला लागली नाही. आम्ही सुमारे तेरा हजार किलोमीटरांवर बसून तूप सोडत होतो. ज्यांच्या घरांत हे अन्न पिढ्यांचे होते, ज्यावरून त्यांना गावाबाहेर ठेवले गेले, त्यांना ते कायद्याने दुरावले. आणि ज्यांच्या घरांत ते कधीच नव्हते, त्या आमच्या ताटात ते सुसंस्कृत आवड म्हणून आले, तापमापकासह. ही विषमता लक्षात आल्यावर स्टेक बेचव लागतो असे नाही. पण तो ‘परदेशी’ पदार्थ आहे, असे आता आमच्याने म्हणवत नाही.

म्हणून हल्ली कोणी ‘आपल्यात’ म्हणाले की आम्ही चान्यांविषयी सांगतो. काही जण कुतूहलाने ऐकतात, काही जण विषय बदलतात. मग ठेचा पुढे सरकवला जातो. तो मात्र सर्वांना चालतो.