पाट, पोस्टकार्ड आणि ई-मेल : ग्राहकाला हाक मारण्याचा इतिहास

१/१५
मुंबई–गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकले की कोलाडच्या अलीकडे रोहा तालुक्यातले खांब हे गाव लागते. या रस्त्याचा जुना क्रमांक १७, आताचा ६६. याच रस्त्यावर उत्तरेला पेण आहे, आणि पेण म्हटले की गणपती. कोकणातल्या घरांत आणि मुंबई-पुण्याच्या बाजारांत पोहोचणाऱ्या इथल्या मूर्ती आता समुद्रापलीकडच्या मराठी घरांतही जातात. मात्र हा धागा मूर्तिकलेविषयी नाही. एकदा आलेला ग्राहक पुढच्या वर्षी परत कसा येतो, आणि तो यावा म्हणून विक्रेत्याने त्याला कशी व किती वेळा हाक मारावी, या जुन्या प्रश्नाचा हा इतिहास आहे.

२/१५
कोकणाने या प्रश्नाचे उत्तर लाकडात दिले : पाट. चतुर्थीच्या काही आठवडे आधी, कुठे आषाढात तर कुठे नागपंचमीच्या सुमारास, घरातला पाट मूर्तिकाराकडे नेऊन ठेवायचा. पेणकडे मूर्तिशाळेला सर्रास ‘कारखाना’च म्हणतात. पाटावर घराचे नाव असते किंवा नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. चतुर्थीला त्याच पाटावरून गणपती घरी येतो. बोलणे फारसे होत नाही. मूर्ती केवढी हवी, कशी हवी, हे मूर्तिकाराला मागच्या वर्षापासून, कित्येकदा मागच्या पिढीपासून ठाऊक असते.

३/१५
या साध्या रीतीत तीन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली : पाऊल ग्राहक उचलतो, म्हणजे संमती त्याची असते. दुसरी : वेळ पंचांग ठरवते, विक्रेता नव्हे. तिसरी सर्वांत महत्त्वाची : एखाद्या घरचा पाट आला नाही, तर ते न येणेही बोलते. मूर्तिकार गावात कुणाकडे तरी विचारतो, ‘यंदा अमक्यांचा पाट दिसला नाही, घरी सगळे बरे आहे ना?’ त्याच्या लेखी ग्राहकाचे मौन ही एक बातमी असते. मौनाचा हा अर्थ पुढच्या दीडशे वर्षांत कसकसा बदलत गेला, हेच आता पाहायचे आहे.

४/१५
विक्रेता आणि ग्राहक यांच्यातले अंतर प्रथम वाढवले ते टपालाने. १८५४ साली संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी टपालाची तिकिटे निघाली. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपल्या बोलीतली ‘व्ही.पी.’, सुरू झाली. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८८० मध्ये मनीऑर्डर आली. अवघ्या चार वर्षांत परक्या गावातल्या अनोळखी माणसाला माल विकण्याची सारी साधने हाताशी आली : हाक मारायला पोस्टकार्ड, माल पोहोचवून पैसे घ्यायला व्ही.पी. आणि आगाऊ रकमेसाठी मनीऑर्डर.

५/१५
मराठी नियतकालिकांनी या साधनांचा मोठा उपयोग केला. वर्गणीदाराचे वर्ष संपत आले की अंकात सूचना छापली जाई : पुढील अंक व्ही.पी.ने पाठवू, नको असल्यास आधी कळवावे. आजच्या स्वयंचलित पाठपुराव्याचा हा हाताने चालवलेला पूर्वज म्हणता येईल. यादी आहे, ठरलेली मुदत आहे, मुदत भरताच निघणारे पाकीट आहे. ते काम कार्यालयातला कारकून करत असे, एवढाच फरक. पण मौनाचा अर्थ इथे पालटला. वर्गणीदार काही बोलला नाही, म्हणजे त्याचा होकार आहे, असे आता गृहीत धरले जाऊ लागले.

६/१५
या गृहीतकाची किंमत संपादकच मोजत. पोस्टमन दारात उभा राही, घरातून ‘नको’ म्हणून सांगितले जाई आणि व्ही.पी. परत येई. जाण्याचा खर्च अंगावर पडे, अंक मळून येई. ‘व्ही.पी. परत करून नुकसान करू नये’ अशा आशयाच्या विनवण्या जुन्या मासिकांच्या पानांवर सहज सापडतात. त्या वाचताना एक गोष्ट ध्यानात येते : चुकीच्या हाकेचा भुर्दंड हाक मारणाऱ्याला बसत होता. म्हणून यादीतली मेलेली नावे कटाक्षाने खोडली जात. खर्च हाच संयमाचा पहारेकरी होता.

७/१५
आता जरा दक्षिणेकडे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. नांगर उत्तम होता, पण खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याला जागा मिळाली, तरी शेतकऱ्याच्या मनातली शंका फिटणे हे काम वेगळेच होते. एका जाहिरातीने ती फिटणारी नव्हती. त्याला पुन्हापुन्हा, निरनिराळ्या अंगांनी, दीर्घकाळ समजावणे भाग होते.

८/१५
१९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवणे हा मूळ हेतू. पण शंकररावांनी एक गोष्ट अचूक ओळखली : दर महिन्याला नुसता नांगर विकायला दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला कुणी आत घेत नाही. वाचकाला काही देणारा पाहुणा व्हावे लागते. मालाच्या माहितीबरोबर उद्योगाचे, विज्ञानाचे, समाजसुधारणेचे लेखन आले. ‘खबर’ हा शब्द गळून मासिकाचे नाव ‘किर्लोस्कर’ झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात आले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. माहितीपत्रकाचे रूपांतर महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातल्या एका प्रकरणात झाले.

९/१५
आजचे विक्रीशास्त्र जे नव्या नावांनी शिकवते त्यातले पुष्कळसे या उदाहरणात आहे. नियमित अंतर हवे, प्रत्येक पत्रात वाचकाच्या उपयोगाचे काही हवे, मागणी शेवटी आणि थोडी हवी. मात्र ‘किर्लोस्कर’चे यश तंत्रापुरते नव्हते. शेतकऱ्याची शंका हा अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेण्याचा विषय नाही, तिला उत्तर देणे आपले कर्तव्य आहे, अशी या पाठपुराव्यामागची भूमिका होती. हाक मारणाऱ्याला समोरच्या माणसाविषयी आदर असेल, तर दहावी हाकही कानाला बोचत नाही.

१०/१५
१९७१ मध्ये रे टॉम्लिन्सन यांनी अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर ई-मेल पाठवला. सात वर्षांतच, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी सुमारे चारशे जणांना धाडली. पत्ते छापील निर्देशिकेतून घेतलेले होते. ते इतके झाले की पत्त्यांच्या रकान्यात न मावता मजकुरात सांडले. तक्रारींचा पाऊस पडला आणि समज मिळाली. पण विक्री झाली, असे थुर्क पुढे आवर्जून सांगत. व्ही.पी.चा पहारेकरी इथे जागेवर नव्हता. चारशेवे पत्र पाठवायला पहिल्यापेक्षा जवळजवळ काहीच अधिक लागले नाही.

११/१५
भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. परदेशस्थ मराठी माणसाचा गणेशोत्सव त्याआधीपासून होताच. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. आता त्या घरांना पेणच्या कारखान्याचे संकेतस्थळ पाहून मूर्ती निवडणे शक्य झाले. समजा, खांबमधून न्यू जर्सीला गेलेल्या एका तरुणाने अशी एक मूर्ती मागवली. त्याचा पाट गावच्या घरीच राहिला, कारखान्यात पोहोचला तो त्याचा ई-मेलचा पत्ता. पाटाचे काम आता या पत्त्याने करायचे होते.

१२/१५
स्वयंचलित पाठपुराव्याची यंत्रणा समजायला सोपी आहे. एखादी घटना घडली की ठरलेल्या अंतराने ठरलेली पत्रे निघतात. नाव नोंदवले की स्वागताचे पत्र. मूर्ती निवडून पैसे न भरता ग्राहक निघून गेला, तर दुसऱ्या दिवशी आठवण. मूर्ती पोहोचली की कुशल विचारणारे पत्र. पुढच्या वर्षी पुन्हा मागणीची विनंती. पण इथे पंचांग आडवे येते. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. ‘मागच्या मागणीनंतर ३६५ दिवसांनी’ अशी आज्ञा दिलेल्या यंत्राला अधिक मास कळत नाही. शिवाय मूर्ती जहाजाने जायची, तर अमेरिकेपर्यंत कित्येक आठवडे धरावे लागतात. तिथी, जहाज आणि मातीचे वाळणे, तिन्ही उलट्या क्रमाने मोजून पत्राचा दिवस ठरवावा लागतो. ते गणित कारखानदाराचेच असते.

१३/१५
याहून अवघड प्रसंग निराळा. समजा, त्या तरुणाच्या घरी यंदा मृत्यू झाला आहे, घरात सुतक आहे. त्याने मूर्ती मागवलेली नाही. यंत्राच्या लेखी मौनाचा अर्थ एकच : विस्मरण. म्हणून पहिले पत्र जाते, चार दिवसांनी दुसरे, मग ‘बाप्पाला विसरलात का?’ असा लाडिक मथळा असलेले तिसरे. पत्रात चूक काहीच नाही, व्याकरण शुद्ध, छायाचित्र सुंदर. तरीही ते जिव्हारी लागते. गावातल्या मूर्तिकाराने पाट न दिसताच जे विचारले असते, ते या पत्राला विचारता येत नाही. बातमी म्हणून ऐकले जाणारे मौन आधी होकार ठरले, आता ते विसरभोळेपणा ठरले.

१४/१५
हरवलेला पहारेकरी परत आणण्याचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती स्पष्ट आणि स्वेच्छेची असावी, तसेच ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असे तत्त्व घालून दिले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने ई-मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय बंधनकारक केली. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अटही आली. परत आलेल्या व्ही.पी.चा भुर्दंड जसा संपादकाला बसे, तशी आज तक्रारींची शिक्षा पाठवणाऱ्याला बसते : त्याची सारीच पत्रे नकोशा टपालाच्या कप्प्यात जाऊन पडतात.

१५/१५
मग लहान कारखान्याने हे यंत्र नाकारावे का? मुळीच नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारात मूर्ती विकली, तर ग्राहकाची ओळख त्या बाजाराकडेच राहते, कारागीर निनावी उरतो. स्वतःची यादी असेल, तर निदान ग्राहक त्याचा स्वतःचा राहतो. वर्षातले नऊ महिने मातीत हात असलेल्या माणसाला दोनशे घरांची तारीख लक्षात ठेवणारा मदतनीस हवाच. यंत्राने आठवण ठेवावी. मात्र दुसऱ्या हाकेलाही उत्तर आले नाही की त्याने थांबावे आणि ते नाव कारखानदारासमोर ठेवावे. पुढचे पत्र त्याने स्वतः लिहावे, दोनच ओळींचे, आणि त्यात मूर्तीचा उल्लेखही नसावा : ‘यंदा आपला निरोप आला नाही. घरी सगळे बरे आहे ना?’