जमा की नावे?

माणसाने एकाच वेळी यजमान आणि पाहुणा होऊ नये. सासरी गेलेला जावई दारात उभा राहून स्वतःलाच "या, या" म्हणू लागला तर जसा दिसेल, तसा मी २०२० च्या मार्च महिन्यात दिसत होतो.

दिवेआगरला आमचे वडिलोपार्जित घर आहे. तिथे काकू एकटी राहते. तिला सोबत आणि आम्हाला चार पैसे, अशा दुहेरी हेतूने मागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना द्यायला लागलो. मोदक आणि सोलकढी हे खाते काकूकडे. बुकिंग आणि हिशेब हे खाते माझ्याकडे, मुंबईत. मी पडलो बी. कॉम. त्यात बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेला. नियम करायची हौस दांडगी. पहिल्याच महिन्यात मी अंगणात पाटी ठोकली : 'बुकिंग रद्द केल्यास ॲडव्हान्स कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' काकूने पाटी वाचली आणि तिच्यावर पंचा वाळत घातला.

त्या वर्षी पाडवा, गुड फ्रायडे आणि मे महिना मिळून नऊ बुकिंगे आली. प्रत्येकी तीन हजार म्हणजे सत्तावीस हजार रुपये. ते हातात पडताच त्यांचा कमोड आणि गीझर झाला. शहरातला पाहुणा समुद्र बघायला येतो खरा, पण आधी कमोड बघतो.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक साथ जाहीर केली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजू लागला. सुरुवातीला लोक लाजत बोलत. "बाबांना जरा खोकला आहे हो, काय करू?" २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ ला, ऐन पाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. मग कोणी कारण सांगेनासे झाले. सगळ्यांच्या वतीने ते पंतप्रधानांनीच सांगितले होते. रस्ते बंद, गाव बंद, घर बंद. चालू होती ती फक्त माझी पाटी.

आता तुम्ही म्हणाल, माणूस अगदीच कोरडा दिसतो. तसे नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी होते, पण ते दुसऱ्या कारणासाठी. एप्रिलमध्ये आमच्या लग्नाला वीस वर्षे होत होती आणि मुन्नारला एका घरगुती निवासात मी खोली ठरवली होती. ॲडव्हान्स सहा हजार. तो यजमानही बहुधा वाणिज्य शाखेचाच असावा. त्याने माझीच पाटी मला इंग्रजीत वाचून दाखवली.

बँका अत्यावश्यक सेवेत होत्या. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली होती. "हप्ता थांबेल, व्याज थांबणार नाही," हे मास्कमधून दिवसभर समजावून मी घरी आलो आणि रात्री दोन पत्रे लिहायला बसलो. एक पुण्याच्या पाहुण्याला : नियम तो नियम, क्षमस्व. दुसरे मुन्नारच्या यजमानाला : नियमांपेक्षा माणुसकी मोठी, तरी पूर्ण रक्कम परत करावी. दोन्ही इंग्रजीत. मुन्नारला मराठी कळत नाही म्हणून, आणि पुण्याला नाही म्हणायला इंग्रजी बरे पडते म्हणून. दोन्ही व्हॉट्सॲपवर धाडली आणि झोपलो.

सकाळी पुण्याहून उत्तर : "आपल्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. खाते क्रमांक सोबत पाठवत आहे."

मुन्नारहून उत्तर : "आमची अडचण इतकी नेमकी समजून घेतल्याबद्दल आभार." पुढे जोडलेले दोन हात.

ही म्हणाली, "बरं झालं. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही पत्रं योग्य माणसाला गेली."

काकूला फोन केला, तर ती विचारते, "अरे, दार आपण लावलं ना? मग भाडं कसलं?"

"दार सरकारने लावलं, काकू."

"मग सरकारकडे माग. त्या पोरांकडे कशाला मागतोस?"

हा घोळ माझ्या एकट्याचा नव्हता, एवढेच समाधान. एअरबीएनबी या अमेरिकन कंपनीने १४ मार्चला पाहुण्यांना पूर्ण पैसे परत द्यायचे जाहीर केले आणि जगभरचे यजमान खवळले. ३० मार्चला कंपनीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी, यजमानांना न विचारता हे केले म्हणून माफी मागितली आणि त्यांच्यासाठी २५ कोटी डॉलर बाजूला काढले. एवढे करूनही यजमानाच्या पदरात पडणार होते, त्याच्या नियमाने जे मिळाले असते त्याचे २५ टक्के. आमच्या काकूने तोच प्रश्न एका वाक्यात सोडवला. फक्त पैसे माझे होते.

स्टाफ सोसायटीतून कर्ज काढून नऊही जणांचे पैसे परत केले. कमोड काही परत घेत नाहीत.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ नेमके आमच्याच किनाऱ्यावर आले. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आठ दिवस काकूचा फोन लागेना. लागला तेव्हा ती म्हणाली, "मी आहे. कौलं नाहीत."

त्याच आठवड्यात माझ्या खात्यात तीन हजार रुपये जमा झाले. पुण्याहून. मी घाईने फोन केला, "अहो, चुकून आले वाटतं."

"चुकून नाही, बुकिंग आहे. वादळाचं वाचलं. तारीख कौलं बसली की तुम्हीच कळवा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुमच्या पाटीप्रमाणे हा ॲडव्हान्स परत मिळणार नाही, याची कल्पना आहे."

नवांपैकी चौघांचे पैसे असे आले. पाचव्याची नोकरी गेली होती. त्याने नुसतीच काकूची चौकशी केली. तीही मी जमेच्या बाजूला धरली आहे.

सेवा देईपर्यंत ॲडव्हान्स हे उत्पन्न नसते, देणे असते, असे बी. कॉम.ला शिकवतात. परीक्षेत मी ते बरोबर लिहिले होते. पाटी लिहिताना विसरलो. ती पाटी वादळात उडाली आणि शेजारच्या वाडीत सापडली. काकूने आता ती पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून घातली आहे. अक्षरे खालच्या बाजूला.