पत्रास कारण, पाऊस

मु. पो. हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली
भाद्रपद महिना, झड चालू

चि. काळीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण की, परवापासून झड लागली आहे आणि तू माझ्यासमोरच बसली आहेस. समोर बसलेल्याला कुणी पत्र लिहीत नाही, हे मलाही कळतं. पण दिवसभर तुझ्याशी तोंडी बोलत राहिलो तर घरचे माझ्यासाठी दुसऱ्याच डॉक्टरची तारीख घेतील. म्हणून नातवाच्या जुन्या वहीत लिहितो आहे. पत्र उघडंच ठेवणार आहे. ज्यांच्या दावणीला शेळी आहे, त्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

शेतातल्या आखाड्यासमोरची हळद मांडीला लागली आहे. तिच्या सऱ्यांत पाणी तुंबलं की खाली कंद सडतो, म्हणून पोरगा सकाळपासून डोक्यावर पोतं घेऊन चर काढतो आहे. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला मान आला, पण सरीतलं पाणी अजून खोऱ्यानंच काढावं लागतं. सोयाबीन शेंगेत आलं आहे आणि वाफसा येईपर्यंत त्यात कुणाला पाय घालता येणार नाही. अशा दिवसात धडधाकट माणूस बसून राहत नाही. मी बसलो आहे, कारण मला उचलायला बंदी आहे.

तुला माझा आजार सांगायचा राहिला. जांघेत डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ येते. खोकललं की बाहेर, आडवं झालं की आत. डॉक्टर हर्निया म्हणतात, जुनी माणसं अंतर्गळ म्हणायची. पोटाच्या भिंतीला फट पडते आणि आतडं तिथून डोकावतं. फट औषधानं बुजत नाही, शिवावीच लागते. तोवर पोतं उचलायचं नाही, पाण्याची घागर नाही, पाल्याचा भारा तर नाहीच. घरात मला देण्याजोगं एकच काम उरलं: तुमच्यापाशी बसणं.

नांदेडच्या एका दवाखान्यात दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला खोकला निघाला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, खोकल्यात टाके ताणतात, बरे होऊन या. दुसऱ्या खेपेला सगळं जमलं होतं. मनगटावर नंबराची पट्टी बांधली. चुकून दुसरी बाजू उघडली जाऊ नये म्हणून एका पोरसवदा डॉक्टरानं माझ्या पोटावर निळ्या पेनानं बाण काढला. स्ट्रेचरवर आडवा झालो, तेवढ्यात अपघातातला एक तरुण आला आणि थिएटर त्याला गेलं. जायलाच पाहिजे होतं. तक्रार करायला तोंड नव्हतं, तरीही वसमत येईपर्यंत एसटीत मी कुणाशी बोललो नाही. त्या दिवशी घरी आलो तो पोटावर बाण घेऊन. आता तिसरी तारीख येत्या गुरुवारची आहे.

आज मी तुला नीट पाहिलं. इतकी वर्षं तू दारात आहेस, पण सकाळी सोडणं आणि संध्याकाळी बांधणं, एवढ्यापुरतंच पाहत आलो. तुझी जात उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण तुझ्या जातीचं तेच राहिलं. अंग काळं कुळकुळीत, कान लोंबते, आणि डोळ्यातली बाहुली आडवी, जणू कुणी फटीतून बघतं आहे. पहिला थेंब पत्र्यावर वाजायच्या आधी तू आत आली होतीस. धनगराच्या मेंढ्या पावसात माना खाली घालून उभ्या राहतात. त्यांच्या लोकरीत मेणासारखा स्निग्धपणा असतो, पाणी वरच्यावर निथळतं. तुझ्या आखूड केसांना ती सोय नाही. चिखलात एक खूर पडला तरी तू तो वर धरून झटकतेस, नवं लुगडं नेसलेल्या बाईसारखी. हौशी वाटते, पण त्यात शहाणपण आहे. ओल्यात उभं राहिलं की खुरं सडतात.

खाण्याचंही तसंच. पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत अधाशीपणानं खाल्लं की आंत्रविषार होतो आणि रात्री धड असलेलं करडू सकाळी आडवं सापडतं. म्हणून पावसाळ्याआधी तुम्हा सगळ्यांना टोचून आणलं होतं. तेव्हाच तुझ्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून घेतला. आज तुझ्यापुढे तुरीचं कोरडं भुसकट आहे आणि नातवानं आणलेल्या सुबाभळीच्या दोन फांद्या. ओला पाला तू हुंगलास आणि थांबलीस. सुकल्यावर खाल्लास.

मग तू बसलीस आणि रवंथ सुरू झाला. मी मोजायला लागलो. एक घास गळ्यातून वर चढताना दिसतो, कातड्याखालून उंदीर पळावा तसा. मग जबडा आडवा फिरतो. माझ्या मोजणीत पन्नासच्या आसपास वेळा. मग घास खाली, क्षणभर थांबा, पुन्हा दुसरा वर. तुझ्या पोटाचा पहिला कप्पा कधी रिकामा नसतो. तुझं ऑपरेशन करायचं झालं तर जनावरांचे डॉक्टर तुला माझ्यापेक्षा जास्त वेळ उपाशी ठेवतात. मला आदल्या रात्रीपासून खायचं नाही, एवढंच. त्या सूचनांचा छापील कागद मी खांबाच्या खिळ्याला अडकवला होता. काल तो तू खाल्लास. उपाशी राहण्याचे नियम पोटात घालून तू निवांत बसलीस. घरची म्हणाली, ‘काहून हसून राहिले? टाका ताणंल.’ मी म्हणालो, अगं, अजून टाके पडलेच कुठं.

दुपारी लाईट गेली. पत्र्याखाली एकदम अंधारलं आणि मला ससूनची गोष्ट आठवली. आमच्या मास्तरांनी शाळेत सांगितली होती. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. अपेंडिक्स दुखायला लागलं, म्हणून पुण्याच्या ससून रुग्णालयात नेलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरानं पोट उघडलं. बाहेर वादळी पाऊस, आणि मध्येच वीज गेली. शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात झालं. साम्राज्याचा कैदी, साम्राज्याचा डॉक्टर, आणि मधे एक कंदील. आम्हा पोरांना त्यात कंदीलच आवडला होता.

त्या गोष्टीत तूही आहेस, म्हणून सांगतो. त्याच्या पाच वर्षं आधी, १९१९ च्या सुमाराला, गांधीजी मुंबईत अंथरुणाला खिळले होते. डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. गांधीजींनी तर दूध सोडलेलं. गाई-म्हशींचं शेवटचं दूध काढायला फुंका घालतात, ते ऐकून त्यांनी व्रत घेतलं होतं. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? गांधीजी ते प्यायले आणि उठून बसले. पण पुढे आत्मचरित्रात त्यांनी स्वतःला सोडलं नाही. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाय-म्हैसच होती, हे खरं, पण व्रताचा अर्थ सगळ्याच दुधाचा होता. शब्द पाळला, अर्थ मोडला, हे त्यांना सलत राहिलं.

काळे, आता पत्राच्या खऱ्या कारणावर येतो. शब्द पाळून अर्थ मोडणं मलाही येतं.

तुझा थोरला बोकड मी विकला, ते तुला माहीत आहे. तीन दिवस तू ओरडत होतीस. पहिली तारीख मिळाली तेव्हा हातात पैसा नव्हता. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, पण अडल्या वेळी ती गरिबाची तिजोरी असते. पंधरा दिवस थांबलो असतो तर बरा भाव आला असता. तारीख थांबणार नाही म्हणून घाईत आठवडी बाजारात नेला. व्यापाऱ्यानं त्याच्या कमरेवर पंजा ठेवून मांस चाचपलं, मग रुमालाखाली माझी बोटं दाबून भाव सांगितला. मी मान हलवली. त्यानं खिशातून लाल रंगाची कांडी काढून बोकडाच्या पाठीवर एक रेघ ओढली आणि दोरी हातात घेतली. मी परत निघालो. मनाला म्हणालो, मी विकलाय फक्त. पुढचं पुढच्याचं.

नंतर तारीखच पुढे गेली. पैसे खतात आणि फवारणीत विरले. बोकडाचा घाईतला सौदा कशासाठी केला, त्याला कारणच उरलं नाही.

ते मला कळलं होतं, पण वळलं त्या निळ्या बाणानं. दुसऱ्या खेपेनंतर घरी आंघोळीला बसलो तेव्हा पोटावर तो दिसला. साबणानं गेला नाही. दगडानं घासला, फिका झाला पण राहिला. चार दिवस तो बाण आणि ती लाल रेघ माझ्या डोळ्यांपुढे शेजारी शेजारी होती. कुणीतरी दुसऱ्यानं अंगावर खूण करायची, कुठं कापायचं ते ठरवायचं, दिवस ठरवायचा, आणि आपण दोरीमागे जायचं. इथवर दोघांचं सारखं. मी मात्र खूण घेऊन परत आलो.

आणि परत येताना एसटीत तोंड फुगवून बसलो होतो! तारीख पुढे गेली, ही तक्रार फक्त ज्याला बरं करायला नेतात त्यालाच करता येते. तुझ्या पोराची तारीख कुणी आठ दिवस पुढे ढकलली असती, तर त्याला सुबाभळीच्या आठ दिवसांच्या फांद्या मिळाल्या असत्या. ज्याला मी खोळंबा म्हणत होतो, तो त्याच्या जातीत कुणाच्या वाट्याला येत नाही. बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे, गाईला वसुबारस आहे. तुमच्या नावानं लोक ईद म्हणतात, कंदुरी म्हणतात, जत्रा म्हणतात. त्या दिवशी ओवाळणी नसते. २०१९ च्या पशुगणनेत देशात चौदा कोटी अठ्ठ्याऐंशी लाखांवर शेळ्या भरल्या. त्यांतल्या प्रत्येकीची तारीख माझ्यासारख्या कुणाच्या तरी गरजेनं ठरते: शाळेची फी, लेकीचं बाळंतपण, दवाखाना.

गुरुवारी माझ्या पोटात जाळी बसवणार आहेत. पूर्वी आतले टाके कॅटगटनं घालत. नावात मांजर असलं तरी तो धागा मेंढीच्या, शेळीच्या आतड्याचा असे. आता फटीवर पॉलिप्रॉपिलीनची जाळी लावतात. डॉक्टरांनी तिचा तुकडा दाखवला तेव्हा मी ओळखला. आपण पोती, दावी घेतो त्या प्लास्टिकचंच ते भावंड, फक्त स्वच्छ आणि महाग. म्हणजे तुझ्या गळ्यात जे आहे, तेच माझ्या पोटात जाणार. आतून गाठ धरेल, मग मला भारा उचलता येईल.

आता तुला वाटेल, मी शपथ घेऊन सांगेन की यापुढे एकही बोकड विकणार नाही. तसं सांगत नाही. नातवाचं शिक्षण आहे, पोराचं कर्ज आहे, आणि तू दर खेपेला जुळी देतेस ती आम्ही मोजूनच धरतो. तुझं दूध घातलेला चहा पीत हे लिहितो आहे. एक मात्र करीन. पुढच्याला बाजारात नेईन तेव्हा ‘मी विकलाय फक्त’ असं मनाला सांगणार नाही. तारीख मी ठरवली, हे माझ्या तोंडानं म्हणेन. आणि घाई माझी असेल तर तिची किंमत त्याच्या पाठीवर ओढणार नाही, थांबता येईल तेवढं थांबेन.

पाऊस आता तिरपा झाला आहे. तू रवंथ थांबवून बाहेर पाहते आहेस, म्हणजे अर्ध्या तासात उघडेल. मघाशी दवाखान्यातून फोन आला होता: ‘गुरुवारी या, पण निघायच्या आधी एकदा विचारून घ्या.’ बरं म्हणालो. या वेळी राग आला नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
दावं धरणारा

ता. क. गुरुवारी पहाटे आम्ही निघू. उठायला उशीर झाला तर पोरगा पाला टाकायचं विसरतो, म्हणून बुधवारी रात्रीच तुझ्या गव्हाणीत टाकून ठेवीन. भारा उचलायला बंदी आहे. एकेक फांदी आणीन.