मरळीची गरी

मोझरीहून कौंडण्यपूरला गेले की वर्धा नदी लागते. तिथल्या डोहात बाबांनी मला मरळ धरायला शिकवले. गरीला लहान बेडूक लावायचा आणि काठीला हलके झटके देत तो पाण्यावर नाचवायचा. ‘बेडूक निजला तं मरळ येत नाही, लेका.’ मेलेल्या आमिषाकडे ती सहसा फिरकतच नाही. मरळ हवा घ्यायला वर येते. बुडबुडा फुटला की गरी तिथेच टाकायची.

यंदा पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका दिसला. खाली मरळ राखणीला असणारच, आणि अशा वेळी ती चिडून गरीवर धावते. माझी परीक्षेची फी भरायची राहिली होती. मी काठी उचलली. बाबांनी ती मुकाट्याने माझ्या हातून घेतली, दोरा गुंडाळला.

फी उसनवारीने भरली.