लघुग्रहाचा शोध आणि त्याची खातरजमा

लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती, मुख्यतः मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांदरम्यान, फिरणारे लहान खडकाळ पिंड. ते आज बहुतांशी दुर्बिणींच्या छायाचित्रांतून सापडत असल्याने ती छायाचित्रे तपासण्याचे काम गोंदियासारख्या, मोठी वेधशाळा नसलेल्या जिल्ह्यात बसूनही करता येते. हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीने आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने टिपलेली चार छायाचित्रे एका आंतरराष्ट्रीय उपक्रमामार्फत हौशी निरीक्षकांना विनामूल्य मिळतात. ‘ॲस्ट्रोमेट्रिका’ या संगणकप्रणालीत ती एकापाठोपाठ एक दाखवली की तारे जागच्या जागी राहतात आणि सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकणारा ठिपका तेवढा वेगळा पडतो. नवख्याला मात्र सुरुवातीला सगळेच ठिपके हलताना दिसतात, कारण कॅमेऱ्यातील सदोष बिंदू आणि वैश्विक किरणांच्या खुणा हुबेहूब ताऱ्यासारख्या भासतात. त्या वगळणारी नजर सरावानेच तयार होते.

पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या तलावावर, एरवी काळ्याभोर असणाऱ्या आकाशात, ढगांमुळे तारा दिसणे दुरापास्त होते. पण छायाचित्रे तपासण्याचे काम त्यावाचून अडत नाही. १६ ऑगस्ट २०२० रोजी, ऐन पावसाळ्यात, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत खगोलशास्त्र नव्हे तर अभियांत्रिकी शिकणारे कुणाल देशमुख आणि कृती शर्मा कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेची छायाचित्रे तपासत होते, आणि त्यांतील एका लांबट रेघेवरून ‘२०२० क्यूजी’ हा काही मीटर व्यासाचा लघुग्रह उजेडात आला. वेगवान पिंड छायाचित्रात ठिपका न उमटवता रेघ ओढतो. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणालाच न दिसलेला हा पिंड तोवर, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊच्या सुमारास, हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीने निघून गेला होता.

एवढ्याने शोध पूर्ण होत नाही, आणि हौशी निरीक्षकाच्या संयमाची खरी कसोटी येथेच लागते. मोजलेली स्थाने अमेरिकेतील लघुग्रह केंद्राकडे, म्हणजे अशा सर्व नोंदी एकत्र ठेवणाऱ्या जागतिक कार्यालयाकडे, जातात. साधारणपणे दुसऱ्या रात्री तोच पिंड पुन्हा टिपला गेला तरच त्याला तात्पुरते नामांकन मिळते, अन्यथा तो हरवतो. पुढे अनेक वर्षांच्या निरीक्षणांनी कक्षा पक्की ठरल्यावर त्याला कायम क्रमांक दिला जातो आणि त्यानंतरच शोधकर्त्याला नाव सुचवता येते.