शाईंतलें वलय

आमचें घर पेण येथें. थोरल्या भगिनीचें सासर रोह्यास. तिचा मुलगा मुंबईस नोकरीला होता. २००६ सालच्या आषाढांत तो रजा घेऊन आमच्याकडे राहावयास आला, तेव्हां डोकें दुखतें एवढीच त्याची तक्रार होती. पित्त असेल म्हणून आम्हीं सूतशेखराच्या मात्रा दिल्या, कपाळाला सुंठ उगाळून लावली. असे तीन आठवडे गेले. पुढें ताप आला, उलट्या झाल्या, आणि एके रात्रीं त्यास आपली मामीही ओळखूं येईना. दुसऱ्या दिवशीं त्यास मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयांत हलविलें.

एच्‌आयव्हीची बाधा आहे, हें तेथें कळलें. म्हणजे आम्हांस कळलें. त्याला तें वर्षापूर्वींच ठाऊक होतें. आईपुढें, मामापुढें तो शब्द उच्चारण्याचा धीर त्यास झाला नव्हता. सरकारनें या रोगावरील औषधें विनामूल्य देण्यास १ एप्रिल २००४ रोजीं आरंभ केला होता, आणि आरंभींच्या मोजक्या ठिकाणांत मुंबई होती. तो दिनांक आम्हांस विसरतां येत नाहीं.

पाठीच्या कण्यांतून काढलेल्या पाण्याचा थेंब डॉक्टरीणबाईंनीं इंडिया इंक या काळ्या शाईंत मिसळून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला होता. आमचें सारें आयुष्य शाईंत गेलें. पण काळोखांत पांढरीं वलयें धारण करून बसलेली ती बुरशी आम्हीं प्रथमच पाहिली. तिचें नांव क्रिप्टोकॉकस. कबुतरांची विष्ठा पडलेल्या मातींत ती असते, श्वासावाटे कोणाच्याही फुफ्फुसांत जाऊं शकते, आणि निरोगी देह तिला बहुधा दडपून ठेवतो. सीडी-४ नांवाच्या रक्षक पेशी निरोगी माणसाच्या रक्ताच्या घन मिलिमीटरांत साधारण ५०० ते १५०० असतात. भाच्याच्या शंभराच्याही पुष्कळ खालीं होत्या. अशा आजारांस ‘संधिसाधू’ म्हणतात. आमच्या व्याकरणी कानांस संधीचा हा उपयोग रुचला नाहीं; ‘छिद्रान्वेषी’ अधिक शोभला असता. आपल्या देशांत त्यांचा अग्रणी क्षय होय.

अँफोटेरिसिन शिरेवाटे चौदा दिवस चाललें. तें मूत्रपिंडांस जाचतें, म्हणून वारंवार रक्त तपासावें लागे. औषध पुष्कळदां बाहेरून आणावें लागे. खाट मिळाली हेंच भाग्य, असें शेजारच्या रोग्याचे वडील म्हणत. आतां रक्ताच्या एका चाचणीनें ही बुरशी डोकें दुखण्यापूर्वीं कांहीं आठवडे ओळखतां येते, आणि सुधारलेल्या अँफोटेरिसिनची एकच मोठी मात्रा व सोबत पोटांत घेण्याचीं औषधें, असा उपचार जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं सुचविला आहे.

पेणेंत गणपतींवर रंगाचे शेवटचे हात फिरत असतां तो घरीं परतला. आतां आमची गोष्ट सांगावयाची. ही बुरशी माणसापासून माणसास जडत नाहीं, मूळ विषाणूही कपबशींतून जात नाहीं, हें डॉक्टरीणबाईंनीं दोनदां समजाविलें होतें. तरी घरांत मुलें आहेत, या सबबीवर आम्हीं त्याचें ताट आणि कप वेगळा केला, व त्यास माडीवरची खोली दिली. त्या खोलीच्या कौलांखालीं कबुतरें घुमत. भय कोणास कोणापासून होतें, हें आम्हां शिकल्यासवरलेल्यांस सुचलें नाहीं. त्या खोलीनें घात केला असें आम्ही म्हणत नाहीं. दुसऱ्या खेपेस त्यास क्षयानें गांठलें होतें. पण खोकला चार आठवडे चालला होता, आणि माडीवर जाऊन तो ऐकणारा कोणी नव्हता.

मार्गशीर्षांत तो गेला.

तेराव्यानंतर ताई रोह्यास निघाली, तेव्हां मंडळींनीं तिच्यापुढें चहा ठेवला. त्याचा कप कोणता, असें तिनें विचारलें. कोणीच बोलेना. मग ती स्वतः उठली, फडताळांत बाजूला ठेवलेला कप तिनें काढला, आणि चहा त्यांत ओतून घेऊन आमच्यासमोर बसून प्याली.